सावड

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर सत्तावीस.
खाली वेल्डिंग, वर आम्ही.
शटरवर अजून जुन्या मालकाची पाटी: पुष्पक होजियरी.
काढायची राहून गेली,
आणि ती अगदीच खोटी आहे असंही नाही.
विणकाम चालू आहे.
विणणारे तेवढे दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ट्रेमधल्या साखरपाण्यावर साय धरते.
आठव्या दिवशी दोन्ही हातांनी उचलता येते,
शहाळ्यातल्या मलईसारखी, ओली, जड,
तळव्यावर गार लागते
आणि जराशी कुणाची तरी वाटते.

केळसकर मॅडमनी पहिल्याच आठवड्यात समजावलं:
हा जिवाणू धागा काढतो,
पण साखरेची जोडगोळी त्याला सोडवत नाही.
ती हे यीस्ट सोडवतं.
हे फोडतं, तो खातो.
तो विणतो, हे त्यात राहतं.

मी म्हटलं, म्हणजे सावड.

मॅडमचं शिक्षण सगळं बाहेर. काय ते, म्हणाल्या.
सांगितलं: आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू.
मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही.
ज्याचं शेत, त्याची दुपारची भाकरी.
त्यांनी वहीत लिहून घेतलं,
आणि तेव्हापासून आमच्या बरण्यांना
सा-एक, सा-दोन असे नंबर आहेत.

खोड एकच होती.
यीस्ट तळाला बसायचं.
वर घर विणून तयार, आणि बिऱ्हाड खाली गाळात.
साडेचार महिने गेले त्यात.
शेवटी मॅडमनी पाणीच जड केलं, कसलासा द्रव घालून,
आणि सकाळी पाहतो तर सगळं यीस्ट वर,
धाग्यांत अडकलेलं, जाळ्यात जवळा अडकावा तसं.
घरी सांगितलं तर पदूकाका नुसता हसला.
खाडीत होडी घालून त्याचा जन्म गेला.
म्हणाला, खाऱ्या पाण्यात बुडायलासुद्धा मेहनत लागते.

ह्या यीस्टच्या पोटात मॅडमनी एक जादा ओळ लिहून ठेवली आहे.
अमुक विष भेटलं, की निळं हो.

गणपतीच्या सुट्टीत सा-अकराचं एक पान खिडकीत विसरलं.
परतलो तेव्हा त्याचा पापड झालेला, कडा वळलेल्या.
बिपिनने कचऱ्याच्या डब्यावर धरलाही होता.
मी म्हटलं, थांब.
बशीत साखरपाणी घातलं,
गाळ्यामागच्या नाल्यातलं चार थेंब,
आणि झाकून घरी गेले.

सकाळी बशीत नीळ.
पांढऱ्या शर्टाला शेवटच्या पाण्यात घालतात ती.
मेलं नव्हतं ते. वाट बघत होतं.

मॅडमनी टाळी वाजवली, बिपिनने फोटो काढले,
खालून वेल्डिंगवाला विचारायला आला, काय झालं.
मी खिडकीच्या गजांना धरून नाला पाहत राहिले.

सावडीला निरोप धाडावा लागतो.
आदल्या संध्याकाळी कुणीतरी दारात येतं,
उद्या येशील ना, म्हणून विचारतं,
आणि नाही म्हणायची सोय असते.
ह्याला कोण विचारून आलं?
ती ओळ त्याची नव्हती.

हा गाळा उभा आहे तिथे आमची तीन खाचरं होती.
तिथेही विचारायला कुणी आलं नव्हतं.
कागद आला होता.
आणि मी आता त्याच जागी, पगारावर,
दुसऱ्याच्या पोटात लिहिलेली ओळ वाचते,
आणि ती उमटली की मला आनंद होतो.
होतो, हे खोटं कशाला सांगू.

मॅडमना हे बोलले नाही.
वहीत लिहिलं: सा-अकरा, निळा, सकाळी सात चाळीस.

संध्याकाळी दिवे मालवायच्या आधी
प्रत्येक ट्रेत साखर घालायची असते, मोजून.
आज सा-अकराला
चिमूटभर जास्त पडली.
ती नोंदवलेली नाही.